चौथा रकाना

मटारबाईंना शाळेत त्यांच्या खऱ्या नावाने कोणी ओळखत नसे. बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवत होत्या. आनुवंशिकतेचा धडा आला की मटारापासून सुरुवात. उंच मटार, बुटका मटार, गुळगुळीत दाणा, सुरकुतलेला दाणा. आणि दहावीच्या पोरांच्या जिभेला हाड असतं थोडंच! पहिल्याच वर्षी नाव पडलं आणि थोरल्यांकडून धाकट्यांकडे उतरत गेलं. मटाराचा एखादा गुण उतरला नसेल इतक्या इमानाने उतरलं.

शिकवायच्या मात्र झकास. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्यांना चार शब्द सुनावायचे आहेत. त्यांच्याकडे एक पत्र्याची डबी होती, तिच्यात लाल आणि पांढरे मणी. दोघांना फळ्यापुढे उभं करायचं, एक आई, एक बाबा. वर्गात खिदळणं सुरू. दोघांच्या मुठीत दोन-दोन मणी. "डोळे मिटा, एकेक मणी द्या." ते दोन मणी तिसऱ्याच्या तळहातावर पडले की बाई म्हणायच्या, "हे झालं बाळ. अर्धं आईचं, अर्धं बाबांचं. यात मावशी-काकांचा सल्ला चालत नाही."

मग डीएनए. "तुमच्या एकेका पेशीत दोन मीटर लांबीची चिठ्ठी आहे, घड्या घालून घालून कोंबलेली. त्या चिठ्ठीतला एकेक मजकूर म्हणजे जनुक. केस कसे, डोळे कसे, सगळं त्यात. आणि ती चिठ्ठी अर्धी आईकडून आली, अर्धी बाबांकडून." इथे वर्ग गप्प व्हायचा आणि एकेक जण स्वतःच्या हाताकडे निरखून बघायला लागायचा. एवढ्यासाठीच बाई बावीस वर्षं या नोकरीत टिकल्या होत्या.

आणि शेवटी घरचा अभ्यास, तक्ता. तीन रकाने: आई, बाबा, मी. डाव्या बाजूला ओळी. कानाची पाळी सुटी की गालाला चिकटलेली? जीभ पन्हाळीसारखी वळते का? गालाला खळी पडते का? अंगठा मागे वाकतो का? पोरांना हा अभ्यास फार आवडायचा. संध्याकाळी घरोघरी लोक एकमेकांना जीभ काढून दाखवायचे.

आता त्या शुक्रवारचं ऐका. शेवटचा तास मोकळा होता, टेबलावर एक्केचाळीस वह्या होत्या, चहा गार झाला होता आणि बाईंना घरी जायची घाई. घाईत माणूस डोकं वापरत नाही, हात वापरतो. बरोबरची खूण, बरोबरची खूण, पुढची वही. मग शंकासुराची वही आली.

शंकासुर म्हणजे खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरची मुलगी. हनुवटीपर्यंत कापलेले केस, हात कायम वर आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "पण बाई". हे नाव बाईंनीच ठेवलं होतं आणि वरवर कपाळाला हात लावत असल्या तरी तिचा हात वर गेला नाही तर तास फुकट गेल्यासारखं त्यांना वाटायचं. तिच्या तक्त्यात लिहिलं होतं: कानाची पाळी. आई, चिकटलेली. बाबा, चिकटलेली. मी, सुटी.

पुस्तकातला नियम असा की सुटी पाळी प्रभावी आणि चिकटलेली अप्रभावी. दोघांकडे नुसते पांढरेच मणी असतील तर बाळाच्या हातात लाल मणी येणार कुठून? बाईंनी लाल पेन उचललं आणि समासात लिहिलं: "असं होऊ शकत नाही. पुन्हा नीट बघ." खाली सही. घंटा व्हायच्या आत वह्या वाटूनही टाकल्या.

यात चीड येण्यासारखी गोष्ट ही की बाईंना सगळं माहीत होतं. चार वर्षांपूर्वीच्या एका प्रशिक्षणात एका तरुण प्राध्यापिकेने पडद्यावर शेकडो कान दाखवून सांगितलं होतं की कानाच्या पाळीचं एक जनुक नसतं, डझनावारी असतात. निम्मे कान धड सुटे नसतात, धड चिकटलेले नसतात. जिभेचंही तेच. हे शिकवणं बंद करा, म्हणाली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या, जेवण केलं, घरी आले आणि होतं तेच शिकवत राहिले. कारण परीक्षेत त्यावर दोन गुणांचा प्रश्न येतो, आणि दोन गुणांसाठी पालक शाळा डोक्यावर घेतात. कळतं पण वळत नाही म्हणतात ते हेच.

शनिवारी बाईंचा नवरा केस कापून, दाढी करून घरी आला तो कानाला कापूस चिकटवून.

"हे काय?"

"कापलं त्याने. वीस वर्षांत पहिल्यांदा! चांगला गप्पा मारत वस्तरा फिरवत होता. त्याची पोरगी आत आली. अगं, तुझीच ती, शंकासुर. म्हणाली, 'बाबा, माझे कान कोणासारखे रे?' झालं! वस्तरा घसरला. बिचारा इतका ओशाळला की त्याने मला तीनदा कापूस बदलून दिला. आता तुझ्या तक्त्यात माझ्यासाठी 'फाटकी पाळी' अशी नवी ओळ घाल."

तो स्वतःच्याच विनोदावर हसला. बाईंना मात्र शुक्रवारची वही आठवली. लाल अक्षरं डोळ्यांपुढे उभी राहिली, स्वतःची सही सुद्धा. असं होऊ शकत नाही. म्हणजे काय? चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला याचा अर्थ काय लागणार? एकच लागणार. आईबापांतलं कोणीतरी आपलं नाही.

"हात दाखवून अवलक्षण," त्या पुटपुटल्या.

"कोणाचा हात?"

"माझा. तू गप्प बैस."

शनिवारची संध्याकाळ त्यांनी भाजी दोनदा धुण्यात घालवली. रविवारी आवरलेलं कपाट पुन्हा आवरलं. जावं का त्यांच्याकडे? जाऊन सांगावं काय? नसती आफत, उगाच बोभाटा. सोमवारी वर्गातच हसतखेळत मिटवू, असं मनाशी दहादा ठरवलं आणि अकराव्यांदा पुन्हा ठरवायची वेळ आली. नवरा म्हणाला, "पायाला भिंगरी लागलीय का? बस की जरा." बसवत असतं तर बसल्या नसत्या का!

सोमवारी तिसऱ्या बाकावरची तिची जागा रिकामी. मंगळवारीही रिकामी. बाईंनी डीएनएची नक्कल कशी होते ते शिकवलं, पण लक्ष सगळं खिडकीकडे. दोनदा जनुक म्हणायच्या जागी कान म्हणाल्या. तास संपल्यावर त्यांनी तिच्या बाकावरच्या शेजारणीला थांबवलं.

"बरं नाहीये का तिला?"

शेजारीण पायाने फरशी घासत राहिली. "तशी बरी आहे बाई. जेवत नाही म्हणे. मी तिला म्हटलं, अगं बाईंची चूक झाली असेल. तर ती म्हणाली, बाईंनी सहीनिशी लिहिलंय, म्हणजे चूक नसणार."

यापेक्षा तिने बाईंच्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

शाळा सुटल्यावर बाई थेट शंकासुराच्या वडिलांच्या दुकानावर गेल्या. छोटंसंच दुकान: दोन खुर्च्या, समोर लांब आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी बाक आणि मागे पडद्याआड वर घरात जाणारा जिना. तिचे वडील, म्हणजे केशकर्तनकार, एका चिमुरडीचे केस कापत होते. खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून तिला उंच बसवलं होतं आणि ती फळीवरून चारी दिशांना वळवळत होती.

"हलू नकोस गं राणी, कान जाईल," ते म्हणत होते. सवयीचं वाक्य होतं, पण आवाजात रोजची गंमत नव्हती.

आरशात बाई दिसल्या तशी त्यांची कात्री थांबली. "बसा बाई. हिचं उरकतो." त्यांनी उरकलं, चिमुरडीच्या मानेवरचे केस झटकले, तिला आजीच्या हाती सोपवलं आणि दार लोटून घेतलं. बाईंचं लक्ष नको तिथे गेलंच. केशकर्तनकाराच्या पाळ्या चिकटलेल्या होत्या, अगदी पुस्तकातल्या चित्रासारख्या.

"माझी चूक झाली," बाईंनी बसायच्या आत बोलून टाकलं. "मी तिच्या वहीत जे लिहिलं ते चुकीचं आहे. कानावरून कोण कोणाचं हे ठरत नाही. मला माहीत होतं, तरी लिहिलं. मी आत्ताच्या आत्ता तिला सांगते."

त्यांना वाटलं, हा माणूस चिडेल. चिडायला हवंच होतं. ते मात्र रिकाम्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

"ते मला कोण सांगणार बाई? तीस वर्षं लोकांचे कान बघतोय. अर्धेमुर्धे, वाकडे, एकाच घरात पाच तऱ्हेचे. त्या बेकरीवाल्यांचं अख्खं घर माझ्याकडे येतं. आईबाप दोघांच्या पाळ्या चिकटलेल्या, आणि दोन्ही पोरींच्या लोंबतायत. तुमचं पुस्तक कधी माझ्या खुर्चीत येऊन बसलेलं दिसत नाही."

"मग हे तुम्ही तिला का नाही सांगितलंत?"

त्यांनी जिन्याकडे बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला. "कारण तुमचं चुकलं, तरी निघालं बरोबर."

बाईंना आधी समजलं नाही. मग समजलं, आणि त्या खाली बसल्या.

"एकोणीस दिवसांची होती," ते म्हणाले. "संस्थेतून आणली. सगळं कायदेशीर, कागद वर कपाटात आहेत. तिचं जावळ मी काढलं, आजपर्यंत तिच्या केसांना दुसऱ्याची कात्री लागलेली नाही. दहाव्या वर्षी सांगू म्हणालो. तेव्हा तिला कांजिण्या झाल्या. मग बाराव्या वर्षी म्हणालो, तर शाळा बदलली. मग म्हटलं, दहावीची परीक्षा होऊ दे. चांगला दिवसच सापडत नाही हो. बायको रोज मागे लागते, सांगून टाक. माझीच छाती होत नाही. उद्या ती म्हणाली, तुम्ही माझे कोण? तर मी काय उत्तर देऊ?"

बाई आल्या होत्या एक भोक बुजवायला, आणि इथे अख्खी भिंतच हलत होती.

"एक काम करा," केशकर्तनकार म्हणाले. आता त्यांचे हात जोडलेले होते. "तुम्ही जे सांगायला आलात तेवढंच सांगा. कानावरून काही ठरत नाही. खरंच आहे ना ते? तुम्हाला एक अक्षर खोटं बोलायचं नाही. तुमच्यावर तिचा विश्वास आहे. तुम्ही सांगितलंत की तिचा जीव भांड्यात पडेल. पुढचं मी परीक्षा झाल्यावर बघतो. शप्पथ."

खरं सांगते, बाईंना ते पटलं. का नाही पटणार? त्यांना स्वतःलाच सुटका हवी होती. चार दिवसांचा घोर एका वाक्यात संपणार, आणि ते वाक्य शास्त्राच्या दृष्टीने शंभर टक्के खरं. खोटं लपवायला खरं वापरायचं, एवढंच. त्या उठल्या आणि पडदा सारून जिना चढल्या.

वर एकच मोठी खोली आणि स्वयंपाकघर. शंकासुर खिडकीजवळ टेबलावर वही उघडून बसली होती. केस कपाळावरून डोळ्यांत आले होते. ताटात सकाळचं जेवण तसंच होतं. बाईंना बघून ती उठली नाही की हसली नाही.

"बाई, तुमचा नियम चुकलाय," ती म्हणाली.

तिने वही पुढे सरकवली. नवा तक्ता होता, पट्टीने आखलेला. "रविवारी आणि काल मी जिन्यात बसून पडद्याच्या फटीतून मोजले. सदतीस माणसं. पाळी सुटी, पंधरा. चिकटलेली, आठ. आणि हे चौदा मधलेच, यांना कुठे टाकायचं? एका आजोबांचा एक कान सुटा आणि एक चिकटलेला. ते काय स्वतःचेच कोणी लागत नाहीत?"

बाईंना हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास घेतल्यासारखं वाटलं. काय पोरगी आहे! जेवण टाकून बसली आणि तेवढ्यातही मोजणी करून मोकळी झाली. "अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "माझंच चुकलं. एका जनुकाचं काम नाहीये ते. मी घाईत लिहिलं आणि फार वाईट केलं. कानावरून कोण कोणाचं हे कधीच ठरत नाही."

वाक्य बोलून झालं. आता जीव भांड्यात पडायचा होता.

"ते मला रविवारी दुपारीच कळलं," शंकासुर म्हणाली.

"मग शाळेत का आली नाहीस? जेवत का नाहीस?"

ती पेन्सिलीचं टोक वहीवर दाबत राहिली, टोक मोडेपर्यंत. "पण बाई, मी बाबाला नुसतं विचारलं होतं. तो नेहमी थापा मारतो. माझं नाक कोणासारखं विचारलं तर म्हणतो, पोस्टाच्या पेटीसारखं, तुझी आई पोस्टात दिवसभर तेच बघत असते ना. मला वाटलं कानाचंही तसंच काहीतरी सांगेल आणि मी सोमवारी तुम्हाला येऊन सांगेन. तर त्याने काकांचा कान कापला. बाबाने, बाई! तो गाडीच्या धक्क्यात सुद्धा दाढी करेल. आजपर्यंत त्याने कोणालाच कापलेलं नाही." तिने पहिल्यांदा मान वर केली. "कानावरून जर काही ठरत नाही, तर बाबा घाबरला का?"

बावीस वर्षांत "पण बाई" ला उत्तर नाही असं झालं नव्हतं. अगदीच अडलं तर "उद्या बघून सांगते" म्हणता यायचं. इथे उत्तर माहीत होतं, तीच पंचाईत होती. ही पोरगी कान बघून थांबली नव्हती, तिने बापाचा हात बघितला होता. आणि आपण तिला खरं बोलून फसवायला वर आलो, या विचाराने बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

"तुम्हाला माहितीय," ती म्हणाली. "तुम्ही खाली बराच वेळ होतात."

बाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "हे बघ, मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. आणि जे माझं नाही ते मी सांगणारही नाही. ज्याचं आहे त्याच्या तोंडून ऐक. मी खाली दुकानात बसलेय. कितीही वेळ लागू दे, मी जाणार नाही."

मुलीचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. एवढ्यावरून तिला काय कळायचं ते कळलं असणार. ती शंकासुर होती, मूर्ख नव्हती.

खाली केशकर्तनकार पहिल्याच पायरीशी उभे होते. "सांगितलंत?"

"सांगितलं. ते तिला रविवारपासून माहीत आहे. तिला कानाचं काही पडलेलं नाही. तिने शनिवारी तुमचा हात थरथरलेला बघितला."

त्यांनी आपला उजवा हात डोळ्यांपुढे धरला आणि तो दुसऱ्याच कोणाचा असावा तसा बघत राहिले. तेवढ्यात दार ढकलून मुलीची आई आत आली, पोस्टाच्या खाकी गणवेशात, खांद्याला पिशवी. तिने नवऱ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि पिशवी बाकावर टाकली.

"कळलं का तिला?"

"अजून नाही," नवरा म्हणाला. "म्हणजे... कळलंय."

"पाच वर्षं कानीकपाळी ओरडतेय मी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "चल आता वर."

केशकर्तनकारांनी दारावरची पाटी 'बंद' कडे फिरवली. संध्याकाळचे पाच, गर्दीची वेळ. मग नवरा-बायको जिना चढून गेले.

बाई एकट्या उरल्या. बसवेना. त्यांनी कंगवे लहान-मोठे लावून ठेवले. तेलाच्या बाटलीवरचा मजकूर तीनदा वाचला, एक शब्द डोक्यात शिरला नाही. काचेबाहेरून एका गिऱ्हाइकाने स्वतःच्या डोक्याकडे बोट दाखवलं, तर त्यांनी जोरजोराने मान हलवून त्याला घालवून दिलं. वरून आधी बापाचा आवाज आला, तुटक तुटक. मग मुलीचं एकच ओरडणं, शब्द कळले नाहीत. मग आईचा आवाज, बराच वेळ, एका लयीत. मग कपाटाचं दार करकरलं. कागद. आणि मग काहीच नाही. ते काहीच नाही सगळ्यांत वाईट होतं. आरशात स्वतःचा चेहरा दिसत होता, लाल पेन खुपसलेला अंबाडा, आणि बाईंना वाटलं, ते पेन उचलून गटारात फेकावं. अर्धा तास गेला की दोन तास, त्यांना सांगता आलं नसतं.

पडदा हलला. आधी आई आली, मग बाबा, आणि सगळ्यांत शेवटी ती. डोळे सुजून बारीक झाले होते. हातात वही होती. वडील भिंतीशी जाऊन उभे राहिले, तिच्यापासून चार हात लांब, जवळ जायची परवानगी आहे की नाही ते माहीत नसल्यासारखे.

तिने वही बाईंपुढे धरली. शुक्रवारचं पान. "आधी हे खोडा."

बाईंनी अंबाड्यातलं पेन काढलं, स्वतःच्या वाक्यावर रेघ मारली, सहीवरही मारली आणि बाजूला लिहिलं: "बाईंची चूक."

"आता इथे चौथा रकाना लागेल," ती म्हणाली. नाक ओढलं. "ज्यांच्याकडून ती चिठ्ठी आली, त्यांचा. पण त्यात लिहू काय? कान माहीत नाहीत, जीभ माहीत नाही, काहीच माहीत नाही."

"मग तेच लिही. माहीत नाही."

"चालतं असं?"

"शास्त्रात तेच आधी लिहायचं असतं. मी बावीस वर्षं लिहिलं नाही, म्हणून तर हे झालं. उद्या वर्गात सगळ्यांसमोर सांगणार आहे, आणि दोन गुणांचं काय व्हायचं ते होऊ दे."

तिने मान डोलावली. मग बोट पहिल्या रकान्यावर ठेवलं, तिथून दुसऱ्यावर नेलं. "आणि हे दोन? हे तसेच ठेवायचे की खोडायचे?"

आईने तोंडावर हात दाबला. भिंतीजवळचा माणूस खाली फरशीकडे बघत होता, जिथे मघाच्या चिमुरडीचे कापलेले केस तसेच पडले होते. बाईंच्या जिभेवर दहा उत्तरं आली. त्यांनी दहाही गिळली.

"ते तुझं तू ठरव," त्या म्हणाल्या. "तक्ता तुझा आहे."

शंकासुराने वही मिटली, बाकावर ठेवली, आणि केसांवर पाय न देता पहिल्या खुर्चीपर्यंत गेली. चढून बसली. कपाळावरचे केस फुंकून वर उडवले, ते पुन्हा डोळ्यांत आले.

"सारखे डोळ्यांत येतायत," ती आरशाकडे बघून म्हणाली.

वडील पुढे आले. त्यांनी तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं, गाठ दोनदा सुटली. कात्री उचलली. तिच्या कानामागे केस सारले आणि तिथेच थांबले. हात इतका कापत होता की कात्रीची पाती एकमेकांवर वाजत होती. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"आज नको गं," ते म्हणाले. "आज लागेल तुला."

तिने पुढे वाकून कात्री घेतली आणि मागे न बघता त्यांच्या हातात दिली.

"काप बाबा," ती म्हणाली. "मी हलणार नाही."